चिकूच्या गावात बटाटा

किनाऱ्यावरच्या बोर्डी-घोलवडची ओळख चिकूची. पण इथल्या अंगणात घरापुरता बटाटाही निघतो. ‘बटाटा’ हा शब्द मूळ पोर्तुगीज, आणि इथून उत्तरेला असलेलं दमण १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्याच ताब्यात होतं.

या पिकाला हवी गार रात्र. रात्रीचा पारा वीसच्या वर राहिला की पाला माजतो, पण खाली बटाटा धरत नाही. किनाऱ्यावर थंडी थोडकीच, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यात लागवड उरका. बियाणं शक्यतो ‘कुफरी सूर्या’ घ्या. ही जात उष्मा सोसते. कोंबडीच्या अंड्याएवढा, डोळे फुटलेला बटाटा अख्खाच लावा. कापलेली फोड दमट हवेत सडते.

जुनी गोणी गुडघाभर उंचीपर्यंत दुमडा. तळाशी भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत वीतभर भरा. वर बटाटा ठेवून चार बोटं माती लोटा. रोप वीतभर झालं की भर द्या, पंधरवड्याने पुन्हा. उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो. तो विषारी, खाऊ नका. गोणी खाऱ्या वाऱ्याच्या आड ठेवा आणि मचूळ पाणी टाळा.

ऐंशी-नव्वद दिवसांत पाला पिवळा पडतो. तेव्हा पाणी तोडा, आठवड्याने गोणी उलटी करा. पहिल्या उकडलेल्या बटाट्याला नुसतं मीठ पुरे!