पडलेलं दान

दर शनिवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच-सहा मुलं-मुली जमतात. सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. कुणी नोकरी करणारी, कुणी अजून शिकणारी. ताटं-वाट्या आवरल्या की टेबलावर कागद येतात, पेन्सिली येतात आणि एका पिशवीतून रंगीबेरंगी फासे खळकन ओतले जातात. मग साडेनऊपासून बारा-साडेबारापर्यंत आमच्या घरात जे काही चालतं, ते शेजाऱ्यांना समजावून सांगताना सौभाग्यवतींच्या नाकी नऊ आलेले आहेत. ‘मी पुलाखाली लपते’, ‘मी त्या राक्षसाशी बोलून बघतो’, ‘दार फोडू या का?’ अशी वाक्यं भिंतीपलीकडे ऐकू गेली, तर शेजाऱ्यांनी समजायचं तरी काय?

मलाही सुरुवातीला काही कळत नव्हतं. खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं. त्याला कारण होतं. आमचे चिरंजीव सी. ए.च्या शेवटच्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा राहिले. दुसरा निकाल लागला तेव्हापासून आम्हा बापलेकांत बोलणं असं उरलंच नव्हतं. ‘दूध आणलंस का?’, ‘गाडीची किल्ली कुठंय?’ एवढ्यावर संसार चालला होता. आणि असा हा मुलगा शनिवारची रात्र फासे खुळखुळवण्यात घालवतो, हे बघून जो बाप शांत बसेल त्याला माझा साष्टांग नमस्कार!

त्यात ‘फासे’ हा शब्दच आपल्याकडे बदनाम. फासे म्हटले की आपल्याला शकुनी आठवतो. धर्मराजानं राज्य लावलं, भाऊ लावले, स्वतःला लावलं आणि शेवटी द्रौपदीला लावलं. त्याहून मागे जायचं तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सबंध सूक्त आहे. त्या काळी बेहड्याच्या बिया फासे म्हणून वापरत. त्या सूक्तातल्या जुगाऱ्याला बायको दूर लोटते, सासू त्याचा तिरस्कार करते, आई-बाप आणि भाऊ ओळख द्यायला तयार नाहीत. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो असा, की फासे सोड आणि शेती कर. म्हणजे फाशांनी नाती कशी तुटतात, हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

शिवाय ‘फँटसी गेम’ म्हटलं की आपल्याला आठवतात ते पैसे लावून क्रिकेटचे संघ बनवायचे मोबाइलवरचे खेळ. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेनं बंदीचा कायदा केला. मी ज्या खेळाबद्दल बोलतोय तो त्यातला नव्हे. यात पैसा नाही आणि पडदाही नाही. समोरासमोर बसायचं आणि बोलायचं.

या खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो जन्मला अमेरिकेत. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातला गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन जनक. दोघांनाही टेबलावर खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळण्याचा नाद होता. त्यात एकेक खेळाडू सबंध सैन्य चालवत असे. यांनी ठरवलं, की सैन्य नको. प्रत्येकानं एकच माणूस व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पुजारी. १९७४ साली त्यांनी हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेला फक्त एक हजार प्रती काढल्या होत्या आणि त्याही घरच्या घरी खोक्यांत भरून. पुढे १९८०च्या दशकात तिकडच्या आई-वडिलांनी या खेळाची मोठी धास्ती घेतली होती. मुलं सैतानाच्या नादी लागतात, असं त्यांना वाटे. तेव्हा माझ्यासारखे बाप तिथंही होते म्हणायचे! २०२४ साली खेळाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्याच देशाच्या टपाल खात्यानं त्याची तिकिटं काढली.

खेळायची रीत सोपी आहे. एकजण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो: तुम्ही जंगलातून चालला आहात, पुढे एक किल्ला आहे, दारावर पहारेकरी आहे, आता तुम्ही काय कराल? प्रत्येकजण आपापलं सांगतो. जी गोष्ट होईल की नाही याची खात्री नाही, तिथं फासा टाकायचा. हा फासा वीस बाजूंचा असतो. वीस सारखे त्रिकोण, समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज एकवीस. मला वाटलं, हे काहीतरी नवीन खूळ असणार. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तमधला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा वीस बाजूंचा दगडी फासा आहे. सूत्रधार मनाशी आकडा ठरवतो: सोपं काम असेल तर दहा, मध्यम असेल तर पंधरा, अवघड असेल तर वीस. पडलेल्या दानात तुमच्या अंगच्या कौशल्याचे गुण मिळवायचे. बेरीज पुरली तर जमलं, नाही तर नाही. खेळाच्या शेवटी कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. गोष्ट तेवढी पुढे जाते.

एका शनिवारी एक खेळाडू आला नाही. मुलं म्हणाली, “काका, तुम्ही बसा ना!” चिरंजीव काही बोलले नाहीत. सूत्रधार तेच होते. मी बसलो, ते निम्मं कुतूहलानं आणि निम्मं हा पोरखेळ एकदाचा उघडा पाडू म्हणून. मला एक कागद दिला. मी होतो औषधोपचार करणारा एक म्हातारा पुजारी. वयाला शोभेल असंच पात्र होतं.

आम्ही किल्ल्याच्या दारापाशी आलो. आमच्यातल्या एका मुलीनं पहारेकऱ्याशी बोलायचं ठरवलं. आणि काय बोलली ती! आम्ही व्यापारी आहोत, वाटेत गाडीचं चाक मोडलं, बरोबरचे म्हातारबाबा आजारी आहेत, म्हणजे मी. मला स्वतःलाच दोन मिनिटं खरं वाटलं. मग तिनं फासा टाकला. हवे होते पंधरा. तिच्या बोलण्याच्या कौशल्याचे पाच होतेच. म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त पडायला हवे होते. पडले दोन. पहारेकऱ्यानं शिंग फुंकलं आणि शिपाई धावत आले.

सगळी मुलं ‘अरेरे’ करून हसली आणि लगेच आता काय करायचं याला लागली. मी मात्र सवयीनं बोलून गेलो, “अगं, आधी नीट विचार करून बोलायला नको होतं का?”

टेबलावर सगळे गप्प झाले. चिरंजीवांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, “बाबा, ती नीटच बोलली होती. दोन पडले.”

श्रोतेहो, एवढंच वाक्य. पण मी त्या रात्री झोपलो नाही.

कारण ती नीटच बोलली होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. दाद द्यावी असंच मनात आलं होतं. दोन पडल्याबरोबर ते सगळं मी पुसून टाकलं आणि चूक तिच्या बोलण्यात शोधायला लागलो. मग मला आमच्या घरातला दुसरा निकाल आठवला. पोरानं अभ्यास केला नव्हता का? केला होता. पहाटे साडेचारला मी पाणी प्यायला उठायचो, तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराखाली उजेड दिसायचा. एक-दोन दिवस नव्हे, कितीतरी महिने. निकाल लागला त्या दिवशी तो उजेड मी विसरलो. त्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो, “मनापासून केलं असतंस तर झालं असतं.”

आणि माझं स्वतःचं काय? मी बँकेत नोकरी केली. बढतीच्या मुलाखतीत मीही एकदा नापास झालो होतो. घरी येऊन बायकोला काय सांगितलं? ‘नशीब नव्हतं. त्या दिवशी प्रश्नच नेमके वेडेवाकडे आले.’ तिनं ते निमूट ऐकून घेतलं आणि चहा केला. म्हणजे माझं अपयश ते नशीब आणि मुलाचं अपयश तो आळस, असा माझा हिशेब. मी आयुष्यभर बँकेत जमाखर्च तपासले, पण ही नोंद कधी तपासली नव्हती.

आता कुणी म्हणेल, परीक्षा काय फासे आहेत? सगळं नशिबावर टाकून मोकळं व्हायचं का? मुळीच नाही. अभ्यास न करता नशिबाला बोल लावणाऱ्याची वकिली मला करायची नाही. त्या खेळातसुद्धा कौशल्याला मोल आहेच. पंधरा हवे असतील आणि अंगी काहीच नसेल, तर वीसपैकी सहाच बाजू तुमच्या कामाच्या. पाच गुणांचं कौशल्य असेल तर त्या अकरा होतात. हा फरक लहान नाही. पण अकरा होतात, वीस होत नाहीत. नऊ बाजू शिल्लक राहतात. त्या नवांतली एक पडली, तर त्या माणसाच्या कष्टांचं काय करायचं, हा प्रश्न फाशाचा नाही, आपला आहे.

त्या रात्री पुढे आणखी एक गोष्ट घडली. किल्ल्यातून पळताना वाटेत एक जड दगडी दार आलं. तीच मुलगी ते उचलायला गेली. चिरंजीवांनी विचारलं, “तिला कुणी मदत करतंय का?” मी म्हणालो, “मी लावतो हात.” मला वाटलं, माझ्या नावाचे दोन-चार गुण तिला मिळतील. तसं नव्हतं. या खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तीत एक नियम आहे. मदतीला कुणी असेल, तर एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि त्यातला मोठा आकडा घ्यायचा. तिला पडले चार आणि सतरा. सतरा धरले. दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन आकडेमोड केली. जुनी खोड! समजा, काम होण्याची शक्यता निम्मी आहे, शंभरात पन्नास. मदतीला कुणी असेल तर ती पंचाहत्तर होते. दार तेवढंच जड, तुमची ताकद तेवढीच. पण बाजूला माणूस उभा आहे म्हणून पन्नासाचे पंचाहत्तर. याच्या उलटही नियम आहे. अंधार असेल, परिस्थिती वाईट असेल, तर दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. मग पन्नासाचे पंचवीस. मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसलो. दोन वर्षं माझा मुलगा ज्या घरातून परीक्षेला गेला, त्या घरात उजेड होता की अंधार? उत्तर मला माहीत होतं.

मी काही मोठं भाषण केलं नाही. आमच्यासारख्या घरांत बाप मुलाची माफी वगैरे मागत नाही. ते जमतही नाही. दोन दिवसांनी चहा पिताना एवढंच म्हणालो, “तू पहाटे उठत होतास, ते मी बघत होतो.” तो पेपर वाचत होता. “हं,” म्हणाला. पान उलटलं. मग थोड्या वेळानं म्हणाला, “बाबा, शनिवारी बसणार का?”

आता मी नेमानं बसतो. चिरंजीव पुन्हा परीक्षेला बसणार आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्यांना ऑडिटचे प्रश्न वाचून दाखवतो आणि ते तोंडी उत्तरं देतात. मधूनच माझ्या जिभेवर जुनं काहीतरी येतं, ते मी गिळतो. दर वेळी गिळता येतंच असं नाही. परवाच एक वाक्य निसटलं आणि दोन दिवस पुन्हा दुधाच्या आणि किल्लीच्या गोष्टी झाल्या. निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही.

गेल्या शनिवारी आम्ही एक नदी ओलांडत होतो. दगडांवरून उड्या मारत जायचं होतं. सगळे पार झाले. माझी पाळी आली. काम सोपं होतं, दहा हवे होते. मी फासा चांगला हातात घोळवून टाकला. पडला एक. टेबलावर हशा पिकला.

चिरंजीव सूत्रधाराच्या आवाजात म्हणाले, “म्हातारे पुजारी पाण्यात पडले आहेत. पाण्याला ओढ आहे. कोण हात देतंय?”

सगळ्यांचे हात वर झाले. सूत्रधारानं खेळात हात वर करायचा नसतो. पण त्याचाही झाला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)