रिपोर्टातला ठळक आकडा



"आपापल्या कामातलं, सगळ्यांना उपयोगी पडेल असं दहा मिनिटं बोला," असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसांच्या खालोखाल फोटो येतात ते रक्ताच्या रिपोर्टांचे. "हा आकडा ठळक का छापलाय गं?" मी डॉक्टर नाही. पण पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आकडा ठळक का होतो, एवढं मी नक्की सांगू शकते.

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजदाद. आपण शाळेत शिकलो त्याच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट. पूर्वी माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या मोजत बसायचा. वॉलेस कूल्टर या अमेरिकन संशोधकाला १९५३ मध्ये एका साध्या युक्तीचं पेटंट मिळालं. बारीक छिद्रातून वीज वाहती ठेवायची आणि त्यातूनच पेशी जाऊ द्यायच्या. प्रत्येक पेशी क्षणभर विजेला अडवते. किती वेळा अडवलं यावरून संख्या कळते, किती अडवलं यावरून आकार. आजही अनेक यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

मग आमचं सॉफ्टवेअर काय करतं? आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर तो ठळक छापतं. बस्स. समोरचा माणूस कोण, त्याला काय होतंय, हे त्याला ठाऊक नसतं. आणि ती मर्यादा बहुधा अशी ठरते की निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे तिच्यात बसावेत. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण बाहेर राहणारच! रिपोर्टात वीसेक आकडे असतात. एखादा जरासा इकडेतिकडे गेला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

पण याची दुसरी बाजूही आहे. माझ्या वडिलांचं हिमोग्लोबिन तीन वर्षांत १५.२, १४.१ आणि १३.२ आलं. पुरुषांमध्ये ते १३ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात. त्यामुळे तिन्ही वेळा काहीच ठळक नव्हतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "काका, गुडघ्यांसाठी गोळ्या घेता का?" वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण झाला होता आणि रोज थोडं थोडं रक्त जात होतं. एकट्या रिपोर्टावरून हे कळलं नसतं. म्हणून पहिली गोष्ट, जुने रिपोर्ट टाकू नका. तुमची तुलना आधी तुमच्याशीच करा.

दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिनपाशी थांबू नका. खाली एमसीव्ही असतो, तो तांबड्या पेशींचा सरासरी आकार. साधारण ८० ते १०० मध्ये असावा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. शाकाहारी घरांत कधी कधी दोन्ही कमी असतं. मग काही पेशी लहान, काही मोठ्या आणि सरासरी मात्र अगदी नॉर्मल! अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे आकारातली तफावत, वाढलेली दिसते.

कुणाच्या पेशी लहान, पण संख्येनं भरपूर असतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही आकडा हलत नाही. हा थॅलेसेमिया मायनर असू शकतो. त्या माणसाला सहसा काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघांनाही तो असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्या मुलांच्या लग्नाच्या गोष्टी आता फार दूर नाहीत. पत्रिका पाहा किंवा पाहू नका, हे मात्र पाहा. सीबीसीवरून फक्त शंका येते, खात्रीसाठी हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी करावी लागते.

आता खास मैत्रिणींशी बोलते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. त्यामुळे "बायकांचं नऊ-दहा असायचंच" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पण सर्रास आढळतं म्हणून ते योग्य ठरत नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन किमान १२ हवं. जिना चढताना धाप लागते, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, ते दर वेळी वयामुळे किंवा धावपळीमुळे नसतं. चाळिशीत पाळीला जास्त रक्त जातं, त्यामागे फायब्रॉइड असू शकतात. अ‍ॅनिमिया हे लक्षण आहे. गोळीनं आकडा वाढतो, पण रक्त कुठे जातंय हे गोळी सांगत नाही. तो प्रश्न आपणच डॉक्टरांना विचारायचा. आणि गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. आकडा सुधारला की लगेच बंदही करू नका. शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

एवढंही लक्षात असू द्या की सीबीसीत साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड यांतलं काहीच कळत नाही. "ब्लड रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणजे सगळं नॉर्मल, असं नव्हे.

जेवणाची पानं वाढली आहेत, म्हणून थांबते. घरी गेलात की कपाटातले जुने रिपोर्ट काढा, तारखेप्रमाणे लावा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सगळी फाईल न्या. मैत्रिणींनो, सासूबाईंची, नवऱ्याची, मुलांची फाईल लावून झाली की मग स्वतःची लावा. नाही, चुकलं. आधी स्वतःची.