खो देण्याची वेळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘मैदानावरील डावपेच’ हा विषय दिला, तेव्हा आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत हयात घालवलेल्या आणि शाळेची पायरी फार काळ न चढलेल्या माणसाने खेळावर काय बोलावे? परंतु संघटना आणि सांघिक खेळ यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. दोन्हीकडे अंगातल्या बळापेक्षा वेळ ओळखण्याला अधिक मोल असते. मी आज खो-खोविषयी बोलणार आहे. धाराशिवात डावपेचांवर बोलायचे आणि खो-खोला वगळायचे, म्हणजे तुळजापूरला जाऊन देवीचे दर्शन न घेता परतायचे!

याच धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. या यशाचा अभिमान आपण बाळगतोच. पण त्यामागची बुद्धी किती जणांनी पाहिली?

या खेळाची रचनाच पाहा. पळणाऱ्या गड्याला कसलेही बंधन नाही. तो हवा तसा वळेल, बसलेल्यांच्या मधून या बाजूचा त्या बाजूला जाईल. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणजे एकट्याने धावून चांगला गडी हाती लागूच नये, अशीच ही योजना आहे. त्यावरचा उपाय एकच, आणि तो म्हणजे खो. मधल्या पाटीवर आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात. ज्याची पाठ आपल्याकडे, त्याचे तोंड पलीकडे. पळणारा पलीकडे गेला की त्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचे आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे.

सारा डावपेच या एका क्षणात साठलेला आहे. शाळांच्या सामन्यांत दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, वेगाच्या घमेंडीची. गडी एका हाताच्या अंतरावर दिसतो, आता पकडतोच असे वाटते, आणि धावणारा खो देण्याची जागा ओलांडून पुढे जातो. पाटी सुटली की मागच्याला खो देता येत नाही. दिलाच तर पंच चूक देतात, आणि तेवढ्यात पळणारा दहा पावले दूर जातो. दुसरी चूक घाईची. काही मुले हातातले निखारे टाकावेत तसे खो देत सुटतात. पळणारा कोणीकडे झुकला आहे हे न पाहता दिलेला खो पुढच्या गड्याला नुसते दमवतो. चांगला संघ पळणाऱ्याच्या मागे धावत नाही. तो त्याच्या वाटा एकेक करून बंद करतो, त्याला खांबाकडे रेटत नेतो आणि तिथे सूर मारून टिपतो.

पळतीच्या बाजूचे शहाणपण निराळे. तिथे तीन-तीन गड्यांची तुकडी उतरते आणि तिची कमाई मिनिटांत मोजतात. एकेरी साखळी, दुहेरी साखळी, खांबाजवळचे फेरे हे सारे प्रकार दम राखून वेळ काढण्यासाठी आहेत. जो पहिल्याच मिनिटात प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी हुलकावण्या देत सुटतो, तो दुसऱ्या मिनिटाला धापा टाकताना सापडतो.

हा नियम एकट्याने खेळायच्या खेळालाही चुकत नाही. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ म्हणून आपण सोडून देतो, पण १९९९ सालच्या ब्रिटिश ओपनची हकिगत ऐकण्यासारखी आहे. ज्याँ व्हान द व्हेल्दे हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके घेतले असते तरी अजिंक्यपद त्याचेच होते. सावकाश, आखूड फटके मारून जायचे सोडून त्याने पल्लेदार फटक्यांचा मोह धरला. चेंडू प्रेक्षकांच्या मंचावर आपटून गवतात आणि तिथून पुढे ओढ्यात गेला. सात फटके झाले, आणि नंतरच्या निर्णायक फेरीत पॉल लॉरी विजयी ठरला. डौलाचा फटका आणि उपयोगाचा फटका यांतला भेद ज्याला कळतो, त्यालाच डावपेच कळला म्हणायचे.

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. ऊसतोड कामगारांचा ‘कोयता बंद’ गळीत हंगामाच्या तोंडाशीच का होतो? कारण ऊस शेतात उभा असतो, कारखान्याला धुराडे पेटवायची घाई असते आणि मजुराचा शब्द तेव्हाच वजनदार असतो. हंगाम सरल्यावर तीच मागणी, तीच घोषणा, पण ऐकायला कोणी नसते. उलट, मुकादमाची उचल अंगावर आणि चूल थंड, अशा घरांना ताणायलाही मर्यादा असते. कुठे थांबून तडजोड करायची, हे ज्याला दिसत नाही, तो पाटी ओलांडलेल्या गड्यासारखा आहे. त्याची धाव खरी असते, तिचा उपयोग मात्र संपलेला असतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मैदानात धावतो एक आणि बसलेले असतात आठ. लोकांची नजर धावणाऱ्यावर असते. पण बसलेल्याने डोळे मिटले तर खो मिळूनही तो उठेपर्यंत डाव गेलेला असतो. संघटनेतल्या सभासदांना केवळ वर्गणीपुरते आणि मोर्चापुरते मोजणारे पुढारी हेच विसरतात. कायदा, पगारपत्रक, वाटाघाट हे ज्यांना कधी पाहूच दिले नाही, त्यांच्या पाठीवर अवचित हात ठेवून ‘आता पळा’ म्हणण्यात काय अर्थ? पन्नाशी उलटलेल्या आम्हा मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. खो वेळेवर द्यावा, आणि दिल्यावर खरोखर खाली बसावे. खो देऊनही धावत राहणारा गडी आपल्याच संघाच्या वाटेत येतो.

नागरिकांना माझे एकच सांगणे आहे. शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊ नका. मोकळी मैदाने लग्नमांडवांच्या आणि गाळ्यांच्या हवाली करू नका. दहावी आली म्हणून मुलीचा सराव बंद करताना घटकाभर विचार करा. कधी धावावे, कधी थांबावे आणि आपली जागा दुसऱ्याला केव्हा द्यावी, हे मुलांना त्या मातीत जितके लवकर कळते, तितके आम्हाला वर्षानुवर्षांच्या बैठकांतूनही कळत नाही.

माझी वेळ संपत आली आहे, हे अध्यक्षांच्या मुद्रेवरून दिसतेच आहे. तेव्हा पाटी ओलांडण्यापूर्वी मी बसतो.