गांवाच्या प्रकृतीची परीक्षा



रोगी वैद्याकडे गेला म्हणजे वैद्य प्रथम त्याची नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मगच औषधाची पुडी बांधतो. एका माणसाच्या बाबतींत ही रीत आपण गृहीत धरतों. पण अख्ख्या गांवाच्या बाबतींत ती क्वचितच पाळली जाते. तेथें औषध आधीं येतें आणि परीक्षा मागाहून होते, किंवा होतच नाहीं. गांवाच्या प्रकृतीची परीक्षा कशी करावी, कोणीं करावी आणि तिचें फळ कोणाच्या पदरांत पडावें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

बोलणें मोघम होऊं नये म्हणून गोंदिया जिल्ह्यांतील तिरोडा तालुक्यांतलें बोदलकसा डोळ्यांपुढें ठेवूं. वनराजीनें वेढलेल्या टेकड्या, त्यांच्या मध्यें १९१७ सालीं बांधून पुरा झालेला विस्तीर्ण तलाव, आणि सभोंवतीं धानाचा मुलूख. पाणी हें या भागाचें वैभव. आणि रोगहि पुष्कळदां पाण्याच्याच वाटेनें येतात. परंतु ‘डांस फार झाले’ एवढ्या वाक्यानें परीक्षा होत नाहीं. हिंवतापाच्या डांसाची मादी बहुधा स्वच्छ, संथ पाण्यांत, म्हणजे धानाच्या बांधींत किंवा ओढ्याच्या डबक्यांत अंडीं घालते. हत्तीरोगाचा डांस गटारांच्या घाण पाण्यांत पोसला जातो. एकाचा उगम शेताकडे, दुसऱ्याचा घराच्या मागल्या दारीं. गांवाला कोणता रोग अधिक छळतो हें ठाऊक नसेल, तर कष्ट एकीकडे आणि रोग दुसरीकडे, असें होईल.

हत्तीरोग पूर्व विदर्भाला चांगलाच परिचित आहे. त्याचे सूक्ष्म जंतु दिवसां शरीराच्या आंतल्या भागांत दडून राहतात आणि रात्रीं रक्तांत संचार करूं लागतात. म्हणून रक्ताचा नमुना रात्रीं घ्यावा लागतो. भर दुपारीं बोटाला सुई टोंचणारा कर्मचारी कितीहि प्रामाणिक असला, तरी त्याच्या वहींत बहुतेक ‘रोग नाहीं’ असेंच उतरेल. हाच न्याय माणसांनाहि लागू आहे. रोवणीच्या दिवसांत घरोघरच्या स्त्रिया चिखलांत उभ्या असतात. तेंदूपानाच्या हंगामांत पहाटेंच जंगलांत जातात. दुपारचें बंद दार पाहून वहींत रेघ ओढणें ही पाहणी नव्हे. ज्या वेळीं व ज्या ठिकाणीं सत्य भेटतें, त्या वेळीं तेथें गेलें पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, कीं दवाखान्याची वही म्हणजे गांव नव्हे. त्या वहींत जे आले तेच असतात; जे येऊं शकले नाहींत त्यांचें काय? जुन्या मध्यप्रांतांत गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर देई, आणि मृत्यूचें कारण बहुधा ‘ताप’ या एका शब्दांत आटोपे. १९६९ सालीं जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला. तथापि घरींच जन्मून घरींच मिटलेलें अर्भक दोन्ही रकान्यांतून निसटूं शकतें. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं वसा आणि अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांतील ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि पूर्वीं तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरांत अवघ्या ८! दवाखान्याच्या वहीवरून त्या गांवांतील स्त्रिया निरोगीच ठरल्या असत्या. पुढें तेथेंच गांवच्या स्त्रियांना शिकवून घरोघरीं नवजात बालकांची शुश्रूषा सुरू झाली आणि बालमृत्यु झपाट्यानें उतरले. मोजणी प्रामाणिक होती, म्हणून उपाय नेमका सांपडला.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष विदर्भांतील अनेक समाजांत आढळतो. १ जुलै २०२३ रोजीं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी हें तिचें उद्दिष्ट. वाहक हा रोगी नव्हे. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. हें ज्ञान ज्याचें त्याला मिळालें तर तें कवच आहे. चव्हाट्यावर आलें तर शस्त्र आहे. ज्या मुलीचें नांव फुटेल, तिची सोयरीक मोडेल. आणि पुढच्या तपासणीला कोणीहि हात पुढें करणार नाहीं. म्हणून आकडा गांवाला सांगावा, नांव मात्र ज्याचें त्यालाच.

आणि शेवटीं, जें मोजलें तें गांवाला परत दिलें पाहिजे. २००७ सालीं महाराष्ट्रांत अमरावती, नंदुरबार, पुणें, ठाणें व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकांनींच आरोग्यसेवेची पारख करण्याचा उपक्रम निघाला. गांवकऱ्यांनीं प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग दिला, आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांना उत्तरें द्यावीं लागलीं. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईलाहि तांबडा रंग कळतो!

२००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवोगांवीं आशा कार्यकर्ती व आरोग्य समिती दिली आहे. त्यांनीं वर्षांतून एकदां पुढील चार प्रश्नांचीं उत्तरें ग्रामसभेपुढें ठेवावीं: या वर्षीं कोण जन्मलें, कोण गेलें आणि कशानें, कोणता रोग वाढला, दवाखान्यापर्यंत कोण पोंचूं शकलें नाहीं, आणि मागच्या वर्षीं ठरलेलें कोणतें काम झालें. पहिले तीन प्रश्न गांवाच्या प्रकृतीचे आहेत. चौथा आपल्या सर्वांच्या प्रामाणिकपणाचा आहे. ज्या गांवांत हा चौथा प्रश्न मोकळेपणानें विचारला जातो, तेथें पहिल्या तिहींचीं उत्तरें हळूहळू सुधारूं लागतील.