विमानांतील गुन्हा आणि प्रत्यर्पणाचा कायदा

दौंड–मनमाड लोहमार्गावर बेलापूर हें स्थानक आहे. तेथून जाणाऱ्या धांवत्या गाडींत चोरी झाली, तर ती कोणत्या न्यायालयाच्या हद्दींत घडली हें सांगणें कठीण. म्हणून १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें, व तिच्या जागीं आलेल्या संहितांनींही, प्रवासांतील गुन्ह्याची चौकशी वाटेवरील कोणत्याही न्यायालयास करूं दिली आहे. पण ही सोय एकाच राज्यसत्तेच्या आंत चालते. वाट अनेक राष्ट्रांतून जात असेल तर?

महाराष्ट्रास हा प्रश्न विमानाआधीं जहाजानें घातला. नाशिकच्या जॅक्सन-वधाशीं संबंध जोडून विनायक दामोदर सावरकरांस ‘मोरिया’ बोटीनें लंडनहून हिंदुस्थानांत आणलें जात होतें. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्स बंदरांत त्यांनीं समुद्रांत उडी घेऊन किनारा गांठला. तेथें एका फ्रेंच शिपायानें त्यांस धरून बोटीवर परत दिलें. परभूमीवर पोंचलेल्या माणसास रीतसर प्रत्यर्पणावांचून असें देतां येतें काय? हेग येथील लवाद न्यायालयानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निर्णय दिला : अनियमितता घडली खरी, पण तेवढ्यावरून बंदी परत करण्यास भाग पाडणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यांत नाहीं.

विमान तर कांहीं तासांत अनेक सीमा ओलांडतें. यास्तव १९६३ च्या टोकियो करारानें विमान ज्या राष्ट्रांत नोंदलेलें, त्यास विमानांतील गुन्ह्यावर अधिकार दिला. प्रत्यर्पणापुरता तो गुन्हा त्या राष्ट्राच्या भूमीवरही घडला असें मानलें. मात्र आरोपी स्वाधीन करण्याचें बंधन त्यानें घातलें नाहीं. अपहरणापुरती ही उणीव हेग नगरींतच झालेल्या १९७० च्या करारानें भरून काढली. आरोपी सांपडेल त्या राष्ट्रानें त्यास स्वाधीन करावें, नाहीं तर खटल्यासाठीं आपल्या अधिकाऱ्यांपुढें उभें करावें, असा त्याचा दंडक आहे.

दोन्ही वाटांचा अनुभव भारतानें घेतला. १९८१ सालीं भारतीय विमान लाहोरला नेणाऱ्यांस पाकिस्तानानें स्वाधीन केलें नाहीं. तेथेंच खटला चालवून जन्मठेप दिली. १९८४ मध्यें दुबईस शरण आलेले अपहरणकर्ते मात्र संयुक्त अरब अमिरातीनें भारताच्या हवालीं केले.

श्रोत्यांनीं येथें प्रत्यर्पणाच्या दोन्ही बाजू पाहाव्या. गुन्हेगारास केवळ सीमा ओलांडून सुटतां येऊं नये, हें एक. आणि आरोपीस नियमावांचून कोणीं उचलून नेऊं नये, हें दुसरें. पहिल्या बाजूसाठीं राष्ट्रांनीं करार केले आहेत. दुसरीचें महत्त्व मार्सेल्सच्या धक्क्यावर घडलेल्या त्या घटनेनें शिकविलें आहे.