गाडी कोणत्या देशाची?

(गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, आहार, गुंतवणूक अशा विषयांवर ऐकतो. यंदा मोटारसायकलवर बोलायला परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार. विषय मला गेल्या वर्षी याच मंडपात मिळाला. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने नवी केटीएम घेतली होती. आरतीनंतर प्रसाद घेता घेता तो सर्वांना सांगत होता, "ऑस्ट्रियन गाडी आहे." मी सहज बोलून गेलो, "अरे, ही तर चाकणला बनते." तो म्हणाला, "चाकण? पुण्याहून नाशिकला जाताना लागतं ते?" बिचाऱ्याचा चेहराच उतरला. सकाळी होती तीच गाडी, तेच इंजिन. मग उतरलं ते काय?

हा प्रश्न मला सोडेना, कारण आपण म्हैसूरला राहतो. इथल्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटारसायकली बाहेर पडल्या. माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली येझदी आजही माझ्याकडे आहे. आता ही गाडी कोणत्या देशाची, ते तुम्हीच ठरवा. मूळ तंत्र चेकोस्लोव्हाकियाचं. तिथल्या यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' नाव केलं. म्हणजे नावच अर्धं जर्मन. म्हैसूरला कारखाना काढला तो इराणी कुटुंबाने. पुढे 'येझदी' हे नाव आलं ते इराणातल्या यझ्द शहरावरून. आणि हाताला ग्रीस लागलं ते आपल्या यादवगिरी, मंडी मोहल्ल्यातल्या माणसांच्या!

बुलेटचंही तसंच. १९५५ साली मद्रासला ती जुळवायला सुरुवात झाली, तेव्हा सुटे भाग इंग्लंडहून येत. पुढे तिकडचा कारखाना बंद पडला आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला जायला लागली. योगायोग बघा, त्याच १९५५ साली त्याच मद्रासमध्ये, पेरांबूरला, स्विस तंत्राने रेल्वेचे डबे बनू लागले. त्या डब्यांतून आपण सर्वांनी गावाकडच्या उन्हाळी सुट्ट्यांचा प्रवास केलाय. 'स्विस डब्यातून मिरजेला आलो' असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आता धावतात ते एलएचबी डबे मूळचे जर्मन, बनतात कपूरथळा, चेन्नई, रायबरेलीला. प्रवासी एवढंच विचारतो, की पंखा चालतो का आणि पाणी आहे का.

पण देशाने काहीच फरक पडत नाही असं म्हणणारा मी नाही. देश असतो, तो नटबोल्टात असतो. जुन्या बुलेटचे आटे इंग्रजी मापाचे, तिथे मिलिमीटरचा पाना बसत नाही. जबरदस्ती केली तर नटाचे कोपरे गोल होतात. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. येझदीवरून उतरून बुलेटवर बसलेला माणूस घाईत ब्रेक दाबायला जातो आणि गिअर बदलतो. येझदीची तऱ्हा आणखी वेगळी. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की तोच खाली आणून गिअर. आपल्या रुळांचंच बघा. दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, हा कसला आकडा? साहेबाचे साडेपाच फूट! साहेब गेला, ते साडेपाच फूट अजून आपल्याखाली आहेत.

तर देश असतो, पण तो कुठे शोधायचा हे मला एका फजितीने शिकवलं. काही वर्षांपूर्वी येझदीच्या पिस्टन रिंगा बदलायच्या होत्या. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक साध्या कागदात गुंडाळलेल्या, दुसऱ्या छान डबीत, वर परदेशाचं नाव छापलेलं. मी तिप्पट पैसे देऊन डबी घेतली. घरी रिंगा बसवल्या, झाकण लावलं आणि मोकळा झालो. पुढच्या रविवारी धाकट्या मुलीला मागे बसवून नंजनगूडला निघालो. कडकोळा सोडल्यावर गाडीचा आवाज बदलला आणि एकदम मागचं चाक अडकलं. रस्त्यावर काळी रेघ उमटली. सवयीने क्लच दाबला गेला म्हणून गाडी सरळ राहिली. मागून ट्रक येत होता, तो हॉर्न वाजवत बाजूने गेला. मुलीने विचारलं, "बाबा, आलं का देऊळ?" मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. घरी काय ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही, सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

आमच्या शेजारचे अंकल येझदीच्या कारखान्यात इंजिन जुळणीवर होते, १९९६ साली तो बंद होईपर्यंत. त्यांनी इंजिन उघडलं. डबीतली उरलेली एक रिंग सिलिंडरच्या न घासलेल्या भागात सरळ बसवली आणि टोकांमधल्या फटीत फीलर गेज घालायला गेले. सगळ्यांत पातळ पातंसुद्धा जाईना. इंजिन तापल्यावर रिंग फुगते, तिच्या टोकांना जागा लागते. जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर खरवडते. अंकलनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही मोजली नाहीत?"

मंडळी, मी डब्यांची तपासणी करणारा माणूस. बेअरिंगचा क्लिअरन्स मोजल्याशिवाय, चाकाला गेज लावल्याशिवाय मी डबा बाहेर सोडत नाही. माल कुठल्याही नावाजलेल्या ठिकाणाहून येवो, मोजणं चुकत नाही. आणि ज्या गाडीवर माझी मुलगी बसणार, तिची रिंग मी न मोजता बसवली. का? तर डबीवर देशाचं नाव होतं. दहा मिनिटांचं काम मी एका छापील शब्दावर सोडून दिलं. ती रिंग खरोखर त्या देशात बनली होती की गल्लीत कोणी नाव छापलं होतं, हेही मला आजवर कळलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, कळून उपयोगही नव्हता. खरोखर तिकडची असती तरी फट तेवढीच निघाली असती.

सिलिंडर पुन्हा बोअर करावा लागला, एक माप मोठा पिस्टन घातला. या वेळी अंकलनी त्या कागदातल्या साध्या रिंगा आणायला लावल्या. एकेक रिंग मोजली, दोन रिंगांची टोकं बारीक कानशीने घासली, पुन्हा मोजली. मी बाजूला स्टुलावर बसून पाहत होतो. त्यांचे हात सवयीने चालत होते, नजर मात्र कुठेतरी लांब. गाडी सुरू झाली, दोन्ही सायलेन्सरमधून धूर आला, आणि त्यांनी बराच वेळ कान देऊन आवाज ऐकला.

मी बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "अंकल, शेवटी इंजिन चेकच ना हे?"

त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि म्हणाले, "इल्ले माडिद्दु." इथेच केलेलं.

तो तरुण सहकारी आज समोर बसला आहे. त्याला दुखावल्याबद्दल सर्वांसमोर माफी मागतो. त्याची चाकणची आणि माझी म्हैसूरची, दोन्ही गाड्या मंडपामागे उभ्या आहेत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी आरतीनंतर यावं. येझदीची किक शोधत बसू नका, गिअरचा दांडा तीच आहे.

गणपती बाप्पा मोरया!