टिचक्या अंड्यांचा फ्रेंच टोस्ट

आजचा भाग थेट स्वयंपाकघरातून. मागे चर्र असा आवाज येतोय ना, तो तव्यावरच्या तुपाचा. रविवारची सकाळ आहे, नंदुरबारचं आमचं घर आहे आणि नाश्त्याला आहे फ्रेंच टोस्ट.

आधी कृती सांगतो, मग गोष्ट.

सहा स्लाइस घ्या. ब्रेड कालचा, परवाचा असेल तर उत्तम. ताजा ब्रेड मऊ असतो, दुधात बुडवला की लगदा होतो आणि उचलताना तुटतो. शिळा ब्रेड घट्ट झालेला असतो, तो दूध पितो पण आकार सोडत नाही. घरात ताजाच असेल तर स्लाइस रात्री ताटात पसरून ठेवा, नाहीतर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परता. फ्रेंच लोक या पदार्थाला ‘पॅं पेर्दू’ म्हणतात, म्हणजे हरवलेला, वाया गेलेला पाव. नावातच सगळं आलं बघा. आणि आपला ‘पाव’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, म्हणजे परका पाहुणा आपल्याकडे जुनाच आहे.

तीन अंडी, पाऊण वाटी दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची. नीट फेटा, पांढऱ्याचे धागे राहू देऊ नका. स्लाइस दोन्ही बाजूंनी बुडवा, दहा-पंधरा सेकंद पुरे. आच मध्यमहून थोडी कमी. इथेच बहुतेकांचं चुकतं. मोठ्या आचेवर साखर लगेच करपते, वरून काळं दिसतं आणि आत अंडं कच्चं राहतं. उलटल्यावर मिनिटभर झाकण ठेवा. मग चमच्याने मधोमध दाबून बघा. ओलं वर आलं तर अजून थांबा.

तिखट हवा असेल तर साखर, वेलची काढा, दूध निम्मं करा. बारीक कांदा, कोथिंबीर, हळद आणि लाल तिखट घाला. नंदुरबारात तिखटाला काय तोटा! हंगामात पथारींवर मिरची वाळत पडली की वारा फिरल्यावर घरबसल्या ठसका लागतो. अंडं न खाणाऱ्यांनी बेसन सैलसर भिजवून त्यात ब्रेड बुडवावा. तोही झकास होतो.

आता गोष्ट.

माझं लहानपण नवापूरचं. गुजरातच्या सीमेवरचं गाव, पोल्ट्रीसाठी प्रसिद्ध. आमचे आप्पा एका पोल्ट्रीवर कामाला होते. अंडी गोळा करायची, निवडायची, तीस-तीसचे ट्रे भरायचे. त्यात काही अंडी टिचायची. ती गाडीत चढत नसत, मग कामगार घरी नेत. शनिवारी संध्याकाळी आप्पा डब्यात सात-आठ टिचकी अंडी घेऊन यायचे आणि रविवारी आई उरलेल्या ब्रेडचे टोस्ट करायची. आम्ही त्याला ‘अंड्याचा ब्रेड’ म्हणायचो. फ्रेंच टोस्ट हे नाव मला कॉलेजात कळलं.

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. देशातली ही पहिलीच नोंद. दुसऱ्या दिवशी शिवजयंतीचा रविवार होता. आप्पा आदल्या संध्याकाळी रिकाम्या हातांनी आले होते, त्यामुळे टोस्ट झाला नाही. पुढचे दिवस पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमध्ये शिरत होती. कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या, अंडीही नष्ट केली. रोग पसरू नये म्हणून ते करावंच लागणार होतं, हे आज मला कळतं. तेव्हा देशात एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. अंडं, चिकन ७० अंश तापमानाला आतपर्यंत शिजवलं की विषाणू मरतो, हेही तज्ज्ञ सांगत होते. पण भीती तापमान बघत नाही. अंडी कोणी घेईना आणि आप्पांचं काम गेलं.

त्यानंतर आप्पांनी अंडं खाणं सोडलं. मला वाटायचं, घाबरले असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, “ज्यांना या हातांनी दाणा घातला, त्यांना याच हातांनी पोत्यात भरलं. आता कुठल्या तोंडाने खाऊ?” मी परत कधी विचारलं नाही. आम्ही नंदुरबारला आलो, आप्पा मिरचीच्या पथारीवर लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला, तेव्हा बातम्या लागल्या की ते उठून बाहेर जात.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. माझी सात वर्षांची मुलगी दुकानातून अंडी आणताना दारातच धडपडली. तीन अंडी टिचली. ती रडायला लागली, मीही जरा ओरडलो आणि अंडी कचऱ्यात टाकायला निघालो. ओट्यावरून आप्पांचा आवाज आला, “फेकू नको.”

उठून आत आले. एकेक अंडं वेगळ्या वाटीत फोडलं, वास घेतला, कवचाचा तुकडा काढला, मग पातेल्यात ओतलं. नातीला म्हणाले, “टिचकं अंडं ठेवायचं नाही बेटा. लगेच करायचं आणि पूर्ण शिजवायचं. किती दिवसांचं टिचलेलं ते माहीत नसेल, तर मात्र टाकून द्यायचं.” ब्रेड कालचा होताच. आप्पांनी तवा ठेवला. मी बाजूला उभा राहून नुसता बघत होतो.

पहिला टोस्ट नातीला दिला. दुसऱ्याचा अर्धा तुकडा स्वतः खाल्ला, उभ्यानेच. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “मीठ कमी आहे.”

म्हणून मघाशी गोड टोस्टातही चिमूटभर मीठ सांगितलं, विसरू नका. माझा टोस्ट झालाय, आप्पा बाहेर वाट बघतायत. तुमच्या घरी शिळ्या ब्रेडचं काय करतात, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या रविवारी!